काळ्या कोटाचा हिशेब

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या गावकऱ्यांनी फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात अन्नत्याग आंदोलन केलं. फरार आरोपीला पकडा, हलगर्जी करणाऱ्या पोलिसांवर कारवाई करा, या मागण्यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती : खटला उज्ज्वल निकम यांच्याकडे द्या. गावचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झालं आणि त्यांना हाल हाल करून मारण्यात आलं. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हे घडलं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं. आंदोलन चालू असतानाच सरकारने निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक जाहीर केली.

न्यायाधीश कोण असावा हे गाव ठरवू शकत नाही. तपास अमक्याकडे द्या म्हटलं तरी तो मिळेलच याचा भरवसा नाही. वकील मात्र मस्साजोगने नाव घेऊन मागितला आणि मिळवला. बीडच्या माणसाला कोर्टाबद्दल काय वाटतं, ते या एका मागणीत आलं आहे. ठाण्यातला फौजदार कुणाचा, तहसीलदार कुणाच्या शिफारशीने आला, गुत्तेदार कुणाच्या मर्जीतला, याची उत्तरं इथे पारावरच्या पोरालाही पाठ असतात. अशा जिल्ह्यात रोज कोर्टात उभा राहणारा सरकारी वकील कितीही सचोटीचा असला तरी तो इथला असतो. त्याचे सोयरे इथले, शेत इथलं, पुढची नेमणूकही इथल्याच कुणाच्या तरी शब्दावर, अशी लोकांची समजूत. मग बाहेरचा आणि टीव्हीवर दिसणारा वकीलच लोकांना बिनधोक वाटतो. शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीचा खटला निकम यांनीच चालवला होता. जुलै २०१६ मधल्या गुन्ह्याचा निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये लागला, हे आष्टी-पाटोद्याकडे कुणी विसरलेलं नाही.

या पुस्तकातले लेख वकील या माणसाबद्दल आहेत. निकालांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, न्यायाधीशांवर जपून लिहिणारेही आहेत. वकिलाबद्दल मात्र आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं, आरतीच्या सुरात नाहीतर शिवीच्या. त्याला बांधणारे नियम कोणते, ते मोडले तर त्याला कोण विचारतं आणि विचारणारा स्वतः किती स्वतंत्र असतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या माणसालाही माहीत नसतं. प्रस्तावनेपुरता मी एक धागा धरतो. तो सुदैवाने, किंवा दुर्दैवाने, बीडमधूनच जातो.

अंबाजोगाईचे प्रमोद महाजन यांच्यावर २२ एप्रिल २००६ रोजी त्यांच्या भावाने गोळ्या झाडल्या आणि ३ मे रोजी ते गेले. त्या खटल्यात सरकारतर्फे निकम उभे होते. डिसेंबर २००७ मध्ये प्रवीण महाजन यांना जन्मठेप झाली. पुढे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपने उत्तर मध्य मुंबईतून प्रमोदजींच्या कन्या पूनम महाजन यांची उमेदवारी कापून निकम यांना तिकीट दिलं. काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांनी त्यांना १६,५१४ मतांनी हरवलं. निवडणुकीसाठी त्यांनी सरकारी खटले सोडले होते. हरल्यानंतर काही दिवसांतच ते पुन्हा विशेष सरकारी वकील झाले आणि विरोधकांनी आरडाओरडा केला. फेब्रुवारीत देशमुख खटला आला. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमलं.

आता दुसरी बाजू पाहा. या खटल्यातले प्रमुख आरोपी वाल्मिक कराड हे तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांचे निकटवर्ती म्हणून जिल्ह्याला ठाऊक. ३१ डिसेंबर २०२४ ला ते पुण्यात सीआयडीच्या स्वाधीन झाले, मग मोक्का लागला. मार्चच्या सुरुवातीला दोषारोपपत्रातली छायाचित्रं बाहेर आली, महाराष्ट्र हादरला आणि ४ मार्चला मुंडे यांनी राजीनामा दिला. म्हणजे ज्या सरकारमधला मंत्री या प्रकरणामुळे गेला, त्याच सरकारने वकील नेमला आणि त्या सरकारच्या मुख्य पक्षाचा तो वकील कालपरवाचा उमेदवार. दोष शाबीत व्हायचा आहे. खटला चालू आहे, त्यामुळे पुराव्यावर मी बोलणार नाही. पण गावाने सरकारवरच्या अविश्वासापोटी मागितलेला वकील सरकार पक्षाचा निघावा, ही गोष्ट पारावरच्या माणसाच्याही नजरेतून सुटलेली नाही.

कायद्याने यात गैर काही नाही. खासदार-आमदारांना वकिली करू देऊ नये, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये फेटाळली. लोकप्रतिनिधी हा कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे, तेव्हा पगारी नोकराला वकिलीची मनाई करणारा बार कौन्सिलचा नियम त्याला लागत नाही, असं कोर्टाने सांगितलं. राजकारणी माणसाच्या अंगावर काळा कोट असणं वाईटच, असंही म्हणता येत नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत असताना सोमनाथ सूर्यवंशी या विधी शाखेच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्याच्या आईसाठी औरंगाबाद खंडपीठात स्वतः प्रकाश आंबेडकर उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं तरी तो टिकला. तिथे कुणी पक्षाचं लेबल विचारलं नाही. पण आंबेडकर एका आईचे वकील होते. सरकारी वकिलाचा अशील वेगळा असतो.

या फरकाकडे आपलं लक्ष जात नाही. सरकारी वकील फिर्यादीचा नसतो, पोलिसांचा नसतो आणि मंत्रालयाचाही नसतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीत त्याच्यासाठी खास नियम आहे : निरपराधाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवू नये आणि आरोपीचं निर्दोषत्व दाखवू शकणारा पुरावा दडवू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या निकालात हेच बजावलं. फिर्यादीने लावलेल्या खाजगी वकिलाच्या हाती सत्र खटल्याची सूत्रं देता येत नाहीत, कारण त्याचं सगळं लक्ष शिक्षेवर असतं आणि सरकारी वकिलाने न्यायबुद्धीने वागायचं असतं. विशेष सरकारी वकिलालाही हे सगळं लागू आहे. फाशीची आकडेवारी हा त्याच्या गुणवत्तेचा दाखला होऊ शकत नाही. आपल्याकडे मात्र तोच दाखला म्हणून छापला जातो.

आणि कोर्टाबाहेर काय बोलावं? निकम यांनीच चालवलेल्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यातला आरोपी कसाब याने तुरुंगात बिर्याणी मागितली, ही बातमी देशभर वर्षानुवर्षं फिरली, निवडणुकीच्या भाषणांत वापरली गेली. मार्च २०१५ मध्ये जयपूरला निकम यांनी स्वतःच सांगितलं की तसं काही घडलं नव्हतं. आरोपीबद्दल सहानुभूतीची लाट तयार होत होती, ती मोडण्यासाठी आपण ते सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कामाबद्दल आदर ठेवूनही म्हणतो, हे वकिलाच्या शिस्तीत बसत नाही. कसाबला फाशी द्यायला पुरावा भक्कम होता, बिर्याणीची गरज नव्हती. त्या कबुलीनंतर त्यांना कुणी जाब विचारल्याचं दिसलं नाही. पुढच्याच वर्षी पद्मश्री मिळाली.

त्याच खटल्यात आरोपीच्या वकिलांचं काय झालं, तेही आठवावं. अंजली वाघमारे यांची कोर्टाने नेमणूक करताच मार्च २००९ मध्ये त्यांच्या घरासमोर जमाव आला, दगडफेक झाली. आरोपीचं वकीलपत्र घेणं म्हणजे आरोपीची बाजू घेणं, ही समजूत इतकी पक्की की वकील संघसुद्धा कधीकधी ठराव करतात : अमक्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात असे ठराव रद्दबातल आणि व्यवसायाच्या नीतीला सोडून असल्याचं सांगितलं. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे. बीडमध्ये हे सांगणं आज कुणाला रुचणार नाही, म्हणूनच सांगतो : मस्साजोगच्या खटल्यात बचावाचे वकील जितक्या कसोशीने उलटतपास घेतील, तितका निकाल वरच्या कोर्टात टिकाऊ ठरेल.

आता नियम मोडल्यावर काय होतं, त्याकडे वळू. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याचं ३५ वं कलम वकिलाच्या गैरवर्तनाबद्दल आहे. तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची. कौन्सिलला सकृद्दर्शनी तथ्य वाटलं तर ती तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समिती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा पटावरून नावच काढू शकते. वर्षभरात निकाल द्यायचा, नाही लागला तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. राज्याच्या निकालावर साठ दिवसांत तिथेच अपील, मग थेट सर्वोच्च न्यायालय. कागदावर व्यवस्था चोख आहे.

पण राज्याच्या बार कौन्सिलचं कार्यालय आहे मुंबईत, फोर्टात, हायकोर्टाच्या विस्तारित इमारतीत. बीडहून ते अंतर सुमारे चारशे किलोमीटर. बीड शहराला रेल्वे मिळाली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ रोजी आणि तीही अहिल्यानगरपर्यंत. मराठवाड्याला हायकोर्ट जवळ यायलाही १९८१ साल उजाडलं होतं. त्याआधी पंचवीस वर्षं बीडचा पक्षकार अपिलाला मुंबई गाठायचा. खंडपीठ आलं, वकिलाविरुद्धची तक्रार मात्र अजून मुंबईच्या पत्त्यावरच जाते. आणि तक्रार ऐकणारे कोण? वकिलांनी मतदान करून निवडलेले वकील. पंचवीस जणांच्या कौन्सिलची निवडणूक २०१८ मध्ये झाली. ज्यांनी ती जवळून पाहिली त्यांना ठाऊक आहे की जिल्हा वकील संघांतून मतं मागत फिरलेल्या माणसाला त्याच संघातल्या बड्या वकिलाची सनद निलंबित करणं किती जड जात असेल. डॉक्टर, वास्तुविशारद, सनदी लेखापाल, सगळ्यांच्या परिषदांत थोडाफार हाच प्रकार असतो. वकिलांचं वेगळं एवढंच की बाकी सगळ्यांवर खटले चालवायचे ते हेच लोक.

मुंबईचा जुना इतिहास मात्र या बाबतीत कमी करारी नव्हता. १९५४ चा एक निकाल आहे, त्यात वकिलाचं नाव नुसतं 'मिस्टर जी' असं छापलं आहे. वसुली झाली तर निम्मी रक्कम माझी, असा करार त्यांनी अशिलाशी केला होता. मुंबई हायकोर्टाने त्यांना निलंबित केलं आणि सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की खटल्याच्या उत्पन्नात वाटा घेणं हे व्यवसायाला न शोभणारं वर्तन आहे. दुसरं प्रकरण मुंबईच्या फौजदारी कोर्टातलं. आवारात पक्षकार दिसला की काही वकील त्याच्यावर झडप घालत, कागद हिसकत, आपसांत हातघाईवर येत. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांना दोषी धरलं, दिल्लीने सोडून दिलं. तेव्हा महाराष्ट्राची कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली आणि अपील करायचा तिचा हक्क १९७५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने मान्य केला. दाभोलकर प्रकरण या नावाने ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. आपल्याच सभासदांविरुद्ध दिल्लीपर्यंत भांडणारी कौन्सिल त्या काळी होती.

अलीकडे गाजलेल्या शिक्षा पाहिल्या की वेगळंच चित्र दिसतं. मार्च २०२३ मध्ये गुणरत्न सदावर्ते यांची सनद दोन वर्षांसाठी निलंबित झाली. एसटी संपाच्या काळात वकिलाचा बँड लावून ते आंदोलनात वावरले, अशी तक्रार होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये असीम सरोदे यांची सनद तीन महिन्यांसाठी निलंबित झाली. ठाकरे गटाच्या वरळीतल्या कार्यक्रमात त्यांनी न्यायव्यवस्थेबद्दल आणि राज्यपालांबद्दल केलेली विधानं हे त्याचं कारण. दोघांचं राजकारण दोन टोकांचं आहे. सदावर्ते मराठा आरक्षणाविरुद्ध लढले म्हणून बीडमध्ये त्यांचं नाव घेताच आवाज चढतो, तर सरोदे यांना मानणारे इथे पुष्कळ. मला दोन्ही शिक्षांत एकच अडचण दिसते. दोन्ही वेळा कौन्सिलने व्यासपीठाकडे पाहिलं. कोर्टाच्या आवारात अशिलाचं काय झालं, हा प्रश्न त्यांत नव्हता. दोघांची मतं मला पटतात की नाही, याच्याशी या आक्षेपाचा संबंध नाही.

राजकीय बोलण्यावरून वकिलाला शिक्षा करण्याची हौस इंग्रजांनाही होती. १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाच्या शपथेवर सह्या केल्या म्हणून अहमदाबादच्या वकिलांवर मुंबई हायकोर्टात कारवाई झाली. त्यासंबंधीचं जिल्हा न्यायाधीशांचं पत्र छापल्याबद्दल १९२० मध्ये गांधीजींना हायकोर्टाची कडक समज मिळाली. लंडनच्या इनर टेंपलने १९२२ मध्ये गांधीजींचं नाव पटावरून काढलं आणि १९८८ मध्ये परत घातलं. सहासष्ट वर्षांनी.

उलट बाजूही आहे आणि ती लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. हरलेला पक्षकार समोरच्या वकिलाविरुद्ध तक्रार ठोकतो, निव्वळ त्याला जेरीस आणायला. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नरुला प्रकरणात अशी तक्रार रद्द केली आणि कारण न नोंदवता ती समितीकडे ढकलल्याबद्दल महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिललाच पन्नास हजारांचा खर्च भरायला लावला. समोरच्या बाजूचा वकील आपला अशील नसलेल्या माणसाला सहसा बांधील नसतो. एवढी साधी गोष्ट कौन्सिलला दिल्लीहून ऐकावी लागली.

मग खरी तक्रार कुणाची राहून जाते? इथल्या कुठल्याही कोर्टाच्या आवारात कानावर येणारी हकीकत आहे, नाव-गाव बदलून तीच. ऊसतोडीचा ट्रॅक्टर उलटतो, कोयत्यातला, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्यातला, पुरुष जातो. बायको गावी परतते, मुकादमाची उचल फिटायची असते, त्याने घेतलेला कोरा चेक वेगळाच. दहाव्याच्या आत दारात माणूस येतो : नुकसानभरपाईची केस टाकू, एक पैसा द्यायचा नाही, मिळेल त्यातले इतके टक्के. १ एप्रिल २०२२ पासून असा दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो, त्यामुळे घाई खरीच असते. ती कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा देते. टक्केवारीवर फी ठरवायला नियमाने सरळ मनाई आहे, हे तिला कुणी सांगत नाही, कारण सांगणारा तोच. पुढे दोन-तीन वर्षांनी रक्कम मंजूर झाल्याचं तिला जावेकडून कळतं. वकीलसाहेब भेटत नाहीत, भेटले तर 'अपील चालू आहे' म्हणतात. फाइल मागितली तर आधी हिशेब पुरा करा. फीपोटी अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे.

या बाईने कुठे जायचं? ग्राहक मंचात जाता येत नाही. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निकाल १४ मे २०२४ रोजी लागला. त्या निकालाची कायदेशीर कारणं मला समजतात, पण त्याने तिचा जवळचा एकमेव दरवाजा बंद झाला. दिवाणी दावा लावायला पुन्हा वकीलच लागतो, आणि त्याच आवारातला दुसरा वकील आपल्या सोबत्याविरुद्ध उभा राहायला कचरतो. उरली मुंबईची बार कौन्सिल. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करायला सांगितलं. बायाबापड्यांचं रक्षण शिस्तपालन समितीपेक्षा या एका आदेशाने जास्त होईल, असं मला वाटतं.

इथे बीडच्या वकिलांना झोडपायचा उद्देश नाही. पहाटेची एसटी पकडून आलेल्या म्हाताऱ्याला स्वतःच्या डब्यातली भाकर देणारे, खावटीच्या केसमध्ये स्टॅम्पचे पैसेही पदरचे घालणारे वकील केजला, माजलगावला, अंबाजोगाईला आहेत आणि पुढच्या लेखांत ते येतात. तक्रारीचा रस्ता सरळ झाला तर सगळ्यात जास्त फायदा त्यांचाच आहे, कारण आज त्यांना आणि टक्केवारीवाल्याला लोक एकाच मापाने मोजतात. खंडपीठाच्या ठिकाणी तक्रार दाखल होऊन सुनावणीही तिथेच व्हावी, समितीत वकिलांपलीकडचा एखादा माणूस असावा आणि निकाल नावासकट मराठीत प्रसिद्ध व्हावेत. एवढ्या तीन गोष्टींसाठी जिल्हा वकील संघांनी स्वतः ठराव केला तर त्याला मी धाडस म्हणेन. मस्साजोगच्या निकालाची वाट सगळा महाराष्ट्र पाहतो आहे. तो लागेल तेव्हा लोक निकम जिंकले की हरले एवढंच विचारतील. पुस्तक वाचून एखाद्याने जरी 'खटला नियमाने चालला का' असं विचारलं तरी हे लेख लिहिण्याचे श्रम वसूल झाले.

वाचकांपैकी ज्यांची केस चालू आहे त्यांना एक विनंती. वकीलपत्रावर सही करण्याआधी त्यावरच्या जागा भरून घ्या, फीची पावती मागा आणि केसचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर घरातल्या शिकलेल्या पोराला लिहून द्या. पुढची तारीख कधी आहे आणि आदल्या तारखेला कोर्टाने काय हुकूम केला, हे त्या नंबरावर ई-कोर्टच्या ॲपमध्ये फुकट दिसतं.